पुसलेलं जातं कुठे?

फोटोच्या दुकानातल्या लॅबताईंना अर्ध्या शहराचे चेहरे ओळखीचे होते, पण उलटे. म्हणजे केस पांढरे, दात काळे आणि गोरीपान नवरी कोळशासारखी. फोटोच्या निगेटिव्हमध्ये माणूस असाच दिसतो, आणि ताईंची उमेदीची सगळी वर्षं निगेटिव्ह बघण्यात गेली होती.

दुकान रस्त्याच्या कोपऱ्यावर. पुढे काउंटर, बाजूला फोटो काढायची इवलीशी खोली आणि मागे काचेच्या दाराआड प्रिंटिंगचं मशीन. त्या मशीनसमोर फिरत्या स्टुलावर ताई बसायच्या. हातात पांढरे सुती मोजे, समोर रंग कमीजास्त करायची बटणं. रोल धुऊन, वाळून आला की एकेक फ्रेम उजेडाच्या खिडकीत सरकवायची, क्षणभर निरखायची, बटणं दाबायची, की पुढची. चेहरा हिरवट येणार का तांबूस, हे त्यांना त्या नारिंगी पट्टीकडे बघूनच कळायचं.

खरं तर त्या लागल्या होत्या पाकिटं भरायच्या कामाला. एकदा कुणाच्या तरी लग्नाचे फोटो पाकिटात कोंबता कोंबता त्या म्हणाल्या, "या घरात सगळ्यांनाच पोटाचं दुखणं आहे का हो? सगळे हिरवे दिसतायत." मालकांनी गठ्ठा हिसकावला, दारात उजेडाला नेऊन पाहिला आणि तेव्हा मशीनवर बसणाऱ्या प्रिंटरची अशी हजेरी घेतली की तो रागारागाने मोजे काउंटरवर आपटून गेला तो गेलाच. मोजे ताईंना थोडे मोठे होत होते, तरी त्यांनी ते घातले.

ताईंचा स्वभाव चौकस. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे बघायला माणसं खिडकीतून वाकतात. ताईंना तो त्रासच नव्हता, घरंच्या घरं त्यांच्यापुढून सरकत जायची. कुणाला जुळी झाली, कुणी नवा पंखा घेतला, कुठल्या दोन भावांचं पटेनासं झालं आणि ते ग्रुप फोटोत दोन टोकांना उभे राहायला लागले, सगळं त्यांना ठाऊक. पण बोलायची चोरी. सुरुवातीला एकदा भाजीच्या दुकानात शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईला त्या मोठ्या प्रेमाने म्हणाल्या होत्या, "नव्या घराचे पडदे अगदी शोभून दिसतात हं तुमच्या." त्या बाईचा चेहरा पांढराफटक पडला. पिशवी छातीशी धरून ती भाजी न घेताच निघून गेली. तेव्हापासून ताईंनी तोंडाला कुलूप घातलं. जे काय सांगायचं ते घरी, नवऱ्याला.

नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक. इंजिनाच्या आवाजाने कान जरा जड झालेला, त्यामुळे ऐकणारा म्हणून फार सोयीचा. जेवताना ताई सांगायच्या आणि तो मान डोलवायचा. एकाच बाबतीत तो जेवण थांबवून ऐकायचा, ती म्हणजे हाताची गोष्ट.

त्याचं असं, की ताईंना चांगल्या फोटोंपेक्षा बिघडलेले फोटो आवडायचे. चांगले फोटो सगळे सारखेच. सरळ उभे, हसरे, केकवर सुरी. बिघडलेल्यात गंमत. कुणाचा अंगठा भिंगावर आलेला, कुणाचं डोकंच उडालेलं, कुणी घाईत छताचा फोटो काढलेला. रोल होता तोवर हे सगळं धुतलं जायचं, छापलं जायचं, कारण आत काय आलंय ते बाहेर पडेपर्यंत कुणालाच माहीत नसायचं. लोक पाकीट उघडून काउंटरवरच खो खो हसायचे किंवा एकमेकांवर खेकसायचे, "तुला म्हटलं होतं ना, बोट काढ!"

अशाच बिघडलेल्या फोटोंमध्ये तो हात होता. एका घराचे रोल वर्षातून दोनदा-तीनदा यायचे. वाढदिवस, सहल, पाहुणे. सगळे दिसायचे: उंच नवरा, दोन मुलं, एक जाडजूड मांजर. आणि मधूनच एखाद्या फ्रेमभर नुसता तळहात. कुणीतरी कॅमेऱ्यासमोर आडवा धरलेला, पाचही बोटं फाकलेली. कधी मागे केसांची बट, कधी कानातलं. चेहरा मात्र एकदाही नाही. करंगळी जराशी वाकडी, अंगठ्याच्या मुळाशी जुन्या चटक्याचा डाग. बाईचा हात, एवढं नक्की.

"तोंड भाजलं असेल," नवरा म्हणाला.

"मग कानाच्या कडेला तरी एखादा डाग दिसला असता. कान तर नीट आहेत."

"मग पोलीस शोधत असतील."

"पोलीस शोधत असलेली बाई वाढदिवसाला केक करते का हो?"

"का नाही? भूक काय चोरांना लागत नाही?"

वर्षं गेली. मुलं उंच झाली, मांजर दिसेनासं झालं, दुसरं मांजर आलं. हातावर शिरा दिसायला लागल्या, अंगठी करंगळीशेजारच्या बोटावरून मधल्या बोटावर गेली. ताईंनी तो हात असा म्हातारा होताना पाहिला, जसा आपण शेजारच्या घरातला माणूस पाहतो. लग्नात मुलीला मिठी मारणारे दोन हात एका फोटोत आले, तेव्हा ताईंनी ते लगेच ओळखले. चेहरा मुलीच्या खांद्याआड होता. ताई स्टुलावरून अर्ध्या उठून वाकून बघायला लागल्या, जणू थोडं बाजूने पाहिलं तर दिसेल. मग स्वतःच्याच खुळेपणाला हसल्या.

मग डिजिटल कॅमेरे आले. आधी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका पोराने मिरवायला आणला. "ताई, आता तुमच्या त्या आंबट वासाच्या पाण्याची गरज नाही," म्हणाला. मालक हसले. म्हणाले, खेळणं आहे, चार दिवसांचं. पण खेळण्याने हातपाय पसरले. टेबलावर रोलच्या डब्यांचा ढीग असायचा, तो हळूहळू मूठभर झाला. मशीनचं एक दुखणं होतं: त्यातली रसायनं वापरात राहिली तर ताजी राहतात, नुसती पडून राहिली की नासतात. म्हणून मालकांनी आलेले रोल साठवून आठवड्यातून एकदाच धुवायचं ठरवलं. मग पंधरवड्यातून एकदा. शेवटी एक दिवस मशीनवर चादर टाकली, आणि पुढे काउंटरजवळ एक संगणक बसला, सोबत फोटो छापायचं छोटं यंत्र. लोकांनी मेमरी कार्ड आणायचं, पडद्यावर फोटो बघायचे, हवे ते निवडायचे, नको ते उडवायचे. ताईंनी शेजारी बसून मदत करायची.

ताईंना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त नवल वाटलं. इतकी वर्षं पाकीट उघडताना लोकांचे चेहरे कसे होतात हे त्यांनी काचेआडून चोरून पाहिलं होतं. आता माणूस मांडीला मांडी लावून बसायचा आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ठरवायचा, कोण राहणार आणि कोण जाणार.

"हा का नको?" ताई विचारायच्या.

"डोळे मिटलेत."

"हा?"

"पोट दिसतंय."

"आणि हा? हा तर छान आहे!"

"यात ती छान आलीय, मी नाही," एका मुलीने सांगितलं आणि बटण दाबून मैत्रिणीला उडवलं.

त्या हाताच्या घरातलाही मोठा मुलगा एकदा कार्ड घेऊन आला. ताई सावरून बसल्या. पडद्यावर एकेक फोटो सरकू लागला: बाबा, बहीण, बायको, नवं मांजर. सगळे स्वच्छ, हसरे, डोळे उघडे. हात कुठेच नाही. बिघडलेलं सगळं कॅमेऱ्यातच पुसून तो आला होता. ताईंच्या जिभेवर प्रश्न आला होता, पण भाजीच्या दुकानातल्या बाईची आठवण होऊन त्यांनी तो गिळला. त्या दिवशी जेवताना नवरा म्हणाला, "म्हणजे आता आपल्याला कधीच कळणार नाही?" त्यालाही चुटपुट लागली होती.

दुकानातला फोटोवाला पुढच्याच महिन्यात स्वतःचा धंदा काढायला निघून गेला. मालकांनी कॅमेरा ताईंपुढे ठेवला.

"पासपोर्टचे फोटो आता तुम्ही काढा."

"मी? मी जन्मात फोटो काढलेला नाही."

मालकांना वाटलं त्या थट्टा करतायत. पण ते खरं होतं. लाखाने फोटो छापले असतील, पण एकाही कॅमेऱ्याचं बटण त्यांनी कधी दाबलं नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी मालकांवरच हात साफ करून घेतला. एका फोटोत मालकांचं कपाळ नव्हतं, एकात हनुवटी नव्हती, आणि एकात मालक पूर्ण होते पण ओरडत होते.

जरा हात बसला होता, तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, दुकानात एकही गिऱ्हाईक नाही. एक वयस्क बाई दारात आली. आत यावं का परत जावं अशा विचारात जरा थबकली, मग आली.

"पासपोर्टचा फोटो काढायचाय. किती वेळ लागतो? लवकर होतं ना?"

"हो काकू, लगेच. बसा त्या स्टुलावर."

काकू बसल्या. पदर नाही, पण असता तर तो त्यांनी तोंडाला लावला असता, अशा बसल्या. ताईंनी दिवे लावले, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि काकूंचा हात आपोआप वर आला. पाच बोटं फाकलेली. करंगळी वाकडी. अंगठ्याच्या मुळाशी डाग.

ताईंनी कॅमेरा खाली घेतला. तोंडाचं कुलूप कसं उघडलं ते त्यांनाही कळलं नाही.

"अहो काकू, हा हात तर माझ्या ओळखीचा आहे!"

काकू दचकल्या. ताईंनी घाईघाईने सगळं सांगून टाकलं: मागचं मशीन, रोल, दोन मुलं, मांजर, नंतरचं मांजर, मुलीच्या लग्नातली मिठी, डेपोतला नवरा आणि त्याचा पोलिसांचा संशय. आता ही बाई पिशवी छातीशी धरून जाणार, याची त्यांना खात्री होती.

काकूंनी आपला हात उलटासुलटा करून पाहिला, जणू तो आजच भेटला होता. मग त्या हसायला लागल्या. इतक्या, की डोळे पुसावे लागले.

"म्हणजे मी तोंड लपवत होते, आणि हा आपला सगळीकडे मिरवत होता!"

"पण का हो काकू? एवढं सांगा. नाहीतर आमच्या घरी जेवण जायचं नाही."

"माझी आई मी लहान असतानाच गेली," त्या म्हणाल्या. "तिचा एकच फोटो. त्यात डोळ्यांवर ऊन आलेलं, म्हणून कपाळाला आठ्या. बाकी बाई दिवसभर हसायची. कामाला लागली की हसू, भांडी पडली की हसू. पण फोटो भिंतीवर लागला आणि बघता बघता सगळे म्हणायला लागले, फार कडक होती हो, करारी होती. मावश्या म्हणायला लागल्या. बाबासुद्धा. माझ्यादेखत ती बदलली. मी ठरवलं, आपला फोटोच नको. लोकांना जशी आठवायची तशी आठवेन."

"आणि आता?"

"आता मुलगी परदेशात. तिला मूल झालंय. पासपोर्टवाले हाताचा फोटो घेत नाहीत ना!"

ताईंना एकदम नियम आठवला आणि तो सांगताना त्या अडखळल्या. "काकू... पासपोर्टच्या फोटोत हसायची बंदी आहे. तोंड मिटून, सरळ समोर बघायचं."

काकूंनी कपाळावर हात मारला. "बघा! म्हणजे सरकारलासुद्धा आठ्याच हव्यात!"

एक सरकारी फोटो निघाला. दगडासारखा, पण नियमात बसणारा. ताईंनी तो कॅमेऱ्याच्या पाठीवर दाखवला. काकू चष्मा लावून वाकल्या, लांबून पाहिला, जवळून पाहिला.

"नाक एवढं मोठं नसावं असं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. मग हळूच, "हा लगेच दिसतो, तसा लगेच पुसताही येतो का?"

"एका बटणात."

"मग आणखी एक काढा. हसून. बघून पुसून टाकू."

एकाचे दोन झाले, दोनाचे कितीतरी. काकू हसल्या, रागावल्या, बाजूने बसल्या, केस मागे घेतले, जीभ काढली. प्रत्येक फोटो त्या निरखून बघायच्या, एखाद्या नव्या शेजारणीकडे बघावं तशा, आणि म्हणायच्या, "पुसा." ताई पुसायच्या. एका फोटोला ताईंचा अंगठा बटणावर अडला. काकू भांड्यांबद्दल काहीतरी सांगत होत्या आणि मान मागे टाकून हसल्या होत्या. तो फोटो असा उतरला होता की ताईंनी इतक्या वर्षांत छापलेल्यांत तसे थोडेच असतील.

"हा राहू दे का?"

"पुसा," काकू म्हणाल्या. ताईंनी जीव मोठा करून पुसला.

काकू उठल्या, पर्स उचलली आणि दारात थांबून त्यांनी विचारलं, "पुसलेलं जातं कुठे?"

हा प्रश्न आपल्याला इतके दिवस कसा पडला नाही, याचंच त्यांना आश्चर्य वाटलं. लोकांनी त्यांच्यासमोर एवढी माणसं उडवली, ती गेली कुठे? दोघी मिळून मालकांकडे गेल्या. मालक वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "जात नाही कुठेच. कार्डाला नुसतं कळतं की ही जागा मोकळी समजायची. वरून दुसरे फोटो पडेपर्यंत जुने आत असतात. काढणारा काढतोसुद्धा परत."

काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे मी अजून त्यात आहे? जिभेसकट?"

"कार्ड तोडून टाकू?" ताईंनी विचारलं.

"खबरदार," मालक म्हणाले. "भरून टाका हवं तर. गच्च भरलं की खालचं गेलं."

सरकारी फोटो संगणकावर उतरवून घेतला, आणि ताई कॅमेरा घेऊन रस्त्यावर आल्या. काकू सोबत. कशाचेही फोटो चालणार होते, फक्त भरपूर हवे होते. पुढे जे झालं ते ताईंनी त्याआधी कधी केलं नव्हतं: त्या दिसेल ते टिपत सुटल्या. चप्पल दुरुस्त करणाऱ्याच्या समोरची पायांची रांग. शिंप्याच्या दारातला डोकं नसलेला पुतळा. गळका नळ. तारेवरची कबुतरं, आणि कबुतरं उडाल्यावरची नुसती तार. सायकल ढकलणाऱ्या माणसाची पाठ. काकू पुढे जाऊन दाखवायच्या, "तो बघा, तो दरवाजा! त्याच्यावर एकाखाली एक किती रंग दिसतायत!" ताई धावायच्या. भिंतीवरची ओल, बसमधले कोपर, कुणाची तरी पिशवी आणि तीतून डोकावणारा मुळा. सुरुवातीला त्या चेहरे सरळ यावेत म्हणून थांबत होत्या. नंतर त्यांनी ते सोडून दिलं. आलं तसं आलं.

"मला वाटायचं फोटो म्हणजे उभं राहा आणि सोसा," काकू धापा टाकत म्हणाल्या. "या बाजूने मजा आहे की!"

"द्या बघू," म्हणत त्यांनी कॅमेरा घेतला, आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून वर आभाळाचा फोटो काढला. मागून रिक्षावाला ओरडला. तोही काढला.

कार्ड भरल्याची खूण कॅमेऱ्यावर आली तेव्हा ऊन उतरलं होतं. काकूंनी दोन वेळा विचारून खात्री करून घेतली, दुकानात येऊन पासपोर्टचे फोटो पाकिटात घेतले आणि म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांना सांगा, पोलिसांची भानगड नाही."

नवऱ्याला त्या दिवशी सगळं दोनदा सांगावं लागलं. त्याने घास तसाच हातात धरून विचारलं, "पण दिसायला कशा आहेत त्या?"

ताईंनी तोंड उघडलं, विचार केला, आणि म्हणाल्या, "हसतात फार."

काकू पुढे मुलीकडे गेल्या. दुकानात मात्र ते भरलेलं कार्ड राहिलं. रिकामं करण्याआधी मालकांनी ते सहज संगणकावर लावलं, आणि एकेक फोटो सरकवत राहिले. मग म्हणाले, "यातला एकही फोटो धड नाही." आणखी थोडे पाहिल्यावर म्हणाले, "मोठे काढून बघू जरा."

प्रिंटिंगचं मशीन भंगारवाल्याने नेलं होतं. त्याच्या जागी मागची भिंत उघडी पडली होती, रसायनांच्या शिंतोड्यांनी डागाळलेली. मालकांनी त्या भिंतीवर ताईंचे फोटो लावले, डाग झाकायला म्हणून. पण लोक काउंटरवरून मान लांब करून बघायला लागले आणि मग सरळ आत यायला लागले. भिंतीवर एकाचाही चेहरा नीट नव्हता. म्हणूनच कदाचित प्रत्येकाला वाटायचं, आपण यात आहोत.

एकदा भर दुपारी शिंपी आणि चप्पलवाला त्या भिंतीसमोर भांडत उभे होते.

"ही पाठ माझी आहे. हा माझा शर्ट."

"तुझा खांदा एवढा सरळ कधी होता? ही माझी पाठ."

"अरे, स्वतःची पाठ तू कधी पाहिलीस का?"

"तू पाहिलीस का तुझी?"

मग शिंप्याने ताईंना हाक मारली. "ताई, तुम्ही काढलाय ना, तुम्हीच सांगा. कोण आहे हा?"

ताई जवळ आल्या. चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं. सायकल, वाकलेली पाठ, मागे कुणाची तरी सावली.

"काही कल्पना नाही," त्या म्हणाल्या, आणि कॅमेरा गळ्यात अडकवला. "दोघेही वळा बघू तिकडे. दोन्ही पाठी काढते, मग शेजारी लावून बघू."